वेशीबाहेरचे पाणी

(इच्छापूर येथील नागरिकांसमोर केलेले भाषण)



नगरशासन आणि नगररचना हा विषय इच्छापूरसारख्या ग्रामपंचायतीच्या गावी कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. ज्या गावाला नगरपालिका नाही, त्याने नगराच्या आराखड्याची चिंता का वाहावी? माझे उत्तर सरळ आहे. शहराचे पाणी शहरात उगम पावत नाही आणि शहरात संपतही नाही. बऱ्हाणपूरच्या जमिनीखालचे पाणी सातपुड्याच्या उतारावरून येते. शहराच्या नाल्यांतून वाहणारे पाणी तापीच्या पात्राने खाली हतनूरकडे, भुसावळकडे जाते. तेव्हा शहराच्या कारभाराचे बरेवाईट फळ वेशीबाहेरच्या माणसाला चाखावेच लागते. ज्याला फळ भोगावे लागते त्याला बोलण्याचा अधिकार असला पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

याचे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला सातासमुद्रापलीकडे जायला नको. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपल्या घरचाच आहे. सन १६१५ मध्ये, जहांगीराच्या अमदानीत, अब्दुर्रहीम खानखानान याच्या सुभेदारीत ही योजना उभी राहिली. सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या दगडगोट्यांत मुरतो आणि जमिनीच्या पोटातून तापीकडे सरकू लागतो. इराणी जाणकाराच्या सल्ल्याने त्या पाण्याला वाटेतच भुयार खणून अडविले गेले. ठरावीक अंतरावर कुंड्या, म्हणजे विहिरींसारखी तोंडे, ठेवली. त्यांतून भुयारात हवा खेळावी आणि गाळ काढणाऱ्या माणसाला उतरता यावे. शंभराहून अधिक कुंड्यांच्या या माळेतून पाणी केवळ उताराच्या बळावर जाळी करंजापर्यंत येई आणि तेथून नळांनी शहरात खेळे. मोट नाही, पंप नाही, विजेचे बिल नाही! इराणातील अशाच भुयारी कालव्यांना सन २०१६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला; आपला भंडारा सन २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत दाखल झाला. ही गोष्ट अभिमानाची आहे, यात शंका नाही.

परंतु अभिमानाने तहान भागत नाही. त्या योजनेचा खरा धडा भुयाराच्या बांधकामात नसून तिच्या जागेच्या निवडीत आहे. ज्यांनी ती आखली त्यांनी आपली नजर शहरावरून उचलून डोंगराकडे लावली. पाणी कोठे पडते, कोठे मुरते आणि कोणत्या वाटेने येते हे त्यांनी आधी पाहिले. हौद आणि कारंजी त्यानंतर आली. आज क्रम उलटा झाला आहे. आधी वसाहत, मग रस्ता, मग कूपनलिका, आणि कूपनलिका कोरडी पडली म्हणजे टँकर! वरचे रान विरळ झाले, उतारावर बांधकामे आली, भिंतींवर चुन्याचे थर चढून भुयारे अरुंद होऊ लागली, तर चारशे वर्षांची योजना देखील हळूहळू मुकी होते. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मलिक अंबराने अशीच नहर आणली होती. शहर वाढले, नहरींच्या वाटेवर इमारती उभ्या राहिल्या, आणि आज त्या नगराला पैठणच्या जायकवाडी जलाशयातून पाणी उपसून चढावर आणावे लागते. तेथील नागरिकांनी पाण्यासाठी किती वर्षे वाट पाहिली, हे मी वेगळे सांगायला नको.

आता बऱ्हाणपूरच्या वाढीकडे पाहा. तेथे नगरपालिका आली ती १८६९ साली. १९०१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ३३,३४१ होती. २०११ साली ती सुमारे २ लाख १० हजारांवर गेली. म्हणजे एकशे दहा वर्षांत सहापटीहून अधिक. तापी मात्र सहापट झाली नाही. यंत्रमागांनी शहराला पोट दिले, केळीने खेड्याला पैसा दिला, आणि दोघांनीही आपापली तहान एकाच जमिनीच्या पोटातून भागविली. सन २००३ मध्ये खंडव्यापासून वेगळा होऊन बऱ्हाणपूर जिल्हा झाला. इंदूर-इच्छापूर रस्त्याने आपल्या गावाचे नाव दूरवर नेले. रस्ता येतो तसा त्याच्या मागोमाग ढाबा येतो, गोदाम येते, जमिनीचा दलाल येतो आणि शेताचे तुकडे पडून भूखंड होतात. गाव शहर होण्याआधीच शहराची दुखणी गावाला जडतात. राज्यघटनेने अशा गावाला संक्रमणशील क्षेत्र असे नाव देऊन ठेवले आहे. पण नाव दिल्याने गटार बांधले जात नाही!

मग हे सारे पाहावयाचे कोणी? येथे कारभाराच्या मुळाशी असलेली अडचण समजून घेतली पाहिजे. सन १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांसाठी १८ विषय लिहिले गेले. त्यांत पहिलाच विषय नगररचनेचा आणि पाचवा पाणीपुरवठ्याचा. मात्र हे विषय सोपवावयाचे की नाही, हे राज्यावर सोडले. मध्य प्रदेशात १९७३ च्या कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा तयार करते ते राज्याचे नगर व ग्राम निवेश संचालनालय. सीमेपलीकडे महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्याने नगरपालिका हीच नियोजन प्राधिकरण ठरते, आराखडा ती करते, आणि अखेरची मंजुरी राज्य देते. म्हणून महाराष्ट्रातील शहरे सुखात नांदतात असे कोणी समजू नये. तेथेही आराखडे वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि आरक्षणे कागदावर राहतात. तथापि, ज्याला मत दिले त्याला जाब विचारता येतो, हा फरक लहान नव्हे.

पैशाची गोष्टही अशीच. एके काळी जकात हा नगरपालिकेच्या हातचा पैसा होता. मध्य प्रदेशात १९७६ साली जकात गेली; महाराष्ट्रात मुंबईची अखेरची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करापुढे संपली. व्यापाऱ्यांची नाक्यावरची कटकट गेली हे चांगलेच झाले. पण तेव्हापासून शहराची थैली राजधानीच्या खुंटीला टांगली गेली. घरपट्टी वाढवावी तर मते जातात, न वाढवावी तर नळ दुरुस्त होत नाहीत. त्यातच, वॉर्ड समित्यांची सक्ती घटनेने तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांनाच केली आहे. बऱ्हाणपूरसारखे मध्यम शहर त्या सक्तीतून निसटते. मोठ्या शहरांना समित्या, लहान गावांना ग्रामसभा, आणि मधल्यांना अर्ज व हेलपाटे!

याहून महत्त्वाची एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. राज्यघटनेच्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींसाठी २९ विषय आहेत आणि त्यांतील तिसरा आहे जलव्यवस्थापन व पाणलोट विकास. म्हणजे नळ शहराच्या स्वाधीन आणि पाणलोट गावाच्या स्वाधीन. शहराने नळाचा विचार करावा आणि गावाने बांधबंदिस्तीचा. मग दोघांची गाठ कोठे पडावी? ती गाठ घटनेने कलम २४३ य घ मध्ये घालून दिली आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असावी, तिचे किमान चारपंचमांश सदस्य जिल्हा पंचायतीच्या व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून निवडले जावेत, आणि तिने गाव व शहर यांच्या योजना एकत्र करून पाण्याच्या वाटपासह जिल्ह्याचा आराखडा करावा, असा तो आदेश आहे. मध्य प्रदेशाने त्यासाठी १९९५ साली कायदाही केला. गावाला शहराच्या पाण्यावर आणि शहराला गावाच्या उतारावर बोलण्याचे हे हक्काचे व्यासपीठ आहे. त्या व्यासपीठावर केवळ निधीच्या वाटणीचे कागद फिरत असतील, तर दोष घटनेचा नसून तिची आठवण न करून देणाऱ्या नागरिकांचाही आहे.

कोणी म्हणेल, लहान शहरांत तज्ज्ञ कोठे आहेत? अभियंता नाही, नकाशाकार नाही; आराखडा राज्यानेच केलेला बरा. हा आक्षेप खोटा नाही. तज्ज्ञ राज्याने जरूर द्यावेत. पण पावसाळ्यात कोणता ओढा कोणत्या शेतातून फुटतो आणि उन्हाळ्यात कोणती विहीर शेवटी आटते, हे ज्ञान राजधानीत तयार होत नाही. खानखानानाने देखील जाणकार बाहेरून आणला. पाणी मात्र त्याने येथल्या मातीत शोधले.

सरकारी प्रयत्नच झाले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा घरोघरी नळ पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळविणारा देशातील पहिला जिल्हा ठरला. २५४ गावांच्या ग्रामसभांनी तशी ग्वाही दिली. हा मान खरा आहे. पण नळ ही वाट आहे, उगम नव्हे. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तापी महापुनर्भरण योजनेचा करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्याच दगडगोट्यांच्या पट्ट्यात पाणी मुरविण्याची ही कल्पना आहे. चारशे वर्षांपूर्वी जी जागा ओळखली गेली, तिच्याकडेच दोन राज्ये पुन्हा वळली! राज्यांच्या सीमा नकाशावर राहिल्या. पाण्याने दोन्ही सरकारांना एका मेजाशी बसविले. मात्र पुनर्भरणाच्या पट्ट्यातच उद्या भूखंड पडू लागले, तर करार कशाचे रक्षण करणार?

इतिहासातला एक प्रसंग येथे आठवतो. सन १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजा बऱ्हाणपुरावर चालून आल्या, तेव्हा खरी लूट झाली ती बहादूरपुऱ्याची आणि शहराबाहेरच्या इतर संपन्न पुऱ्यांची. संपत्ती वेशीबाहेर पसरली होती, बंदोबस्त मात्र वेशीच्या आतच थांबला होता. आजच्या नगरकारभाराचे व्यंग याहून निराळे नाही. वस्ती बाहेर, पाणी बाहेर, कचऱ्याचा ढीग बाहेर, आणि नियोजनाची रेषा मात्र आत!

म्हणून माझे मागणे थोडके आहे. बऱ्हाणपूरच्या पुढच्या विकास आराखड्यात पहिला नकाशा पाण्याचा असावा: पाणी मुरते ती जागा, भुयारांची वाट, उतावळीचे आणि तापीचे पूरक्षेत्र, रस्ते आणि भूखंड त्यानंतर. ज्या पट्ट्यात पाणी मुरते तेथील गावांना, रान राखल्याबद्दल, शहराच्या पाणीपट्टीतून वाटा मिळावा. नाले तापीत सोडण्याआधी शुद्ध व्हावेत, कारण खालच्या गावचा माणूसही तेच पाणी पितो. आणि जिल्हा नियोजन समितीपुढे इच्छापूरच्या ग्रामसभेचा ठराव जावा.

आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती मागविल्या जातात. कागद कचेरीत लटकतो, मुदत निघून जाते, आणि मग आपण बोटे मोडीत बसतो. भाषेची सबब कोणी सांगू नये. गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. हरकत आपल्या मराठीत लिहा, पोच घ्या आणि उत्तर मागा. डोंगर कोणाच्या मालकीचा आहे, हा वाद न्यायालये पाहतील; त्यावरून उतरणारे पाणी आपल्या लेकराबाळांना मिळावे, ही जबाबदारी आपली आहे, आणि ती पार पाडण्याची वेळ आराखडा मंजूर होण्याआधीची आहे.