आत्याच्या आवडीचें

महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत असा प्रघात आहे कीं, श्राद्धाच्या दिवशीं तांदळाची खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी हे ठरलेले पदार्थ तर व्हावयाचेच. परंतु त्यांच्या जोडीस गेलेल्या माणसाच्या आवडीचा एखादा तरी पदार्थ पानावर असावा. शास्त्रांत त्याला आधार असो वा नसो, घरांतील बायका तो प्रघात मोडूं देत नाहींत. आजोबांसाठीं जिलबी येते, मामंजींसाठीं भरलेलीं वांगीं होतात. चहावर जीव असलेल्या एखाद्या गृहस्थाच्या नांवानें पानाशेजारीं चहाचा पेलाहि ठेवलेला कितीएकांनीं पाहिला असेल. धर्मकृत्य म्हणून जें आरंभिलें जातें त्यांत घरगुती जिव्हाळा असा हळूच शिरतो, आणि पुरोहितहि तिकडे पाहून न पाहिल्यासारखें करतात.

पुण्याच्या एका जुन्या वाड्यांत १९५४ सालीं या साध्या प्रघातानें एका सबंध कुटुंबाला निरुत्तर केलें.

त्या घरची आत्या आदल्या वर्षीं वारली होती. अकराव्या वर्षीं विधवा होऊन ती बापाच्या घरीं परत आली, तें साल १९०१. त्याच शहरांत धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम काढला होता. परंतु त्या आश्रमाचा रस्ता ज्या थोड्या घरांना ठाऊक होता त्यांत हें घर नव्हतें. पुढें वयांत आल्यावर तिचें केशवपन झालें, तांबडें अलवण अंगावर आलें, आणि स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून ती जी आंत गेली ती उणीं पुरीं बावन्न वर्षें आंतच राहिली. बाप गेला, आई गेली, धाकटा भाऊ वकील होऊन घरचा कर्ता झाला, त्याचें लग्न होऊन तीन मुलगे आणि एक मुलगी झाली. पण चुलीपुढचें माणूस बदललें नाहीं. भावाचीं मुलें तिला आत्या म्हणत, म्हणून वाड्यांतले बिऱ्हाडकरूहि आत्याच म्हणूं लागले.

तिच्या हाताची ख्याति साऱ्या आळींत होती. तिच्या पुरणपोळीला पुरण कडेपर्यंत भिडलेलें असे आणि तरी पोळी कधीं फुटत नसे. साखरभाताचें शीत न् शीत मोकळें. चिरोट्याचे पदर मोजून घ्यावेत. विशेष नवलाची गोष्ट अशी कीं, यांतले बहुतेक पदार्थ ती न चाखतां करी. सोवळ्याचा स्वयंपाक, देवाला नैवेद्य दाखविण्यापूर्वीं जिभेला कांहीं लावावयाचें नाहीं. त्यामुळें आमटींत मीठ पडलें कीं नाहीं हें ती उकळीच्या वासावरून ओळखी. कांदा-लसूण तर तिला आयुष्यभर वर्ज्य. मुलांसाठीं पावसाळ्यांत कांद्याचीं भजीं ओसरीवरच्या शेगडीवर होत, तेव्हां पीठ किती सैल असावें हें मात्र ती दारांत उभी राहून दुरूनच सांगे, आणि तें बरोबर असे.

वर्षश्राद्धाला दोन दिवस राहिले असतां वकिलांच्या पत्नीनें जमलेल्या मंडळींना विचारलें, “वन्संच्या आवडीचें काय करायचें?”

“श्रीखंड,” थोरला मुलगा तत्काळ म्हणाला.

“अरे, तें तुला आवडे. तुझ्यासाठीं ती चक्का बांधून ठेवायची.”

मधल्यानें साखरभात सुचविला. त्याचेंहि तेंच झालें. धाकट्यानें चिरोट्यांचें नांव घेतलें, आणि घेतां घेतांच तो थांबला. प्रत्येकजण आपल्याला आवडणारा पदार्थ आत्याच्या नांवावर घालीत होता! पंचवीस वर्षांपूर्वींच्या खटल्यांतले साक्षीदार ज्यांना नांवानिशीं आठवत, त्या वकिलांनाहि आपल्या सख्ख्या बहिणीला काय आवडत असे हें सांगतां येईना. “ताईनें कधीं कांहीं मागितलेंच नाहीं,” एवढेंच ते म्हणाले. मग त्यांच्या पत्नी कांहींशा स्वतःशींच बोलल्या, “चाळीस वर्षें एका घरांत राहिलें, पण वन्सं जेवत असतांना मीं कधीं त्यांच्या ताटाकडे पाहिलें नाहीं.”

त्यांच्या या बोलण्यांत खोटें कांहीं नव्हतें. सर्वांचीं जेवणें आटोपून, चूल सारवून आत्या पानावर बसे तेव्हां दुपारचे दोन वाजून गेलेले असत. त्या वेळीं घर वामकुक्षी करीत असे.

उत्तर आलें तें माहेरपणाला आलेल्या मुलीकडून. “थालिपीठ,” ती म्हणाली. “संध्याकाळचें.”

येथें थोडा खुलासा केला पाहिजे, कारण तो आचार आतां मागें पडला आहे. सोवळ्या विधवेनें दिवसांतून एकदांच जेवावें; रात्रीं शिजलेलें अन्न घेऊं नये; मात्र फराळ चालेल, असा तो दंडक होता. भाजलेलें धान्य अन्नांत न धरतां फराळांत धरीत. म्हणून भाजणीचें थालिपीठ, लाह्यांचें पीठ, भाजलेल्या रव्याचा सांजा हें त्यांचें रात्रीचें खाणें. त्याला धान्यफराळ म्हणत. नियम करणारांनीं कोठें तरी एक फट ठेविली होती, आणि त्या फटींतून या बायकांच्या वाट्याला दिवसाकांठीं एक खमंग घास येई.

या घरांतली धाकटी मुलगी लहानपणीं संध्याकाळीं शुभंकरोति झाल्यावर आत्याजवळ जाऊन बसे. तव्यावर थालिपीठ थापलेलें असे, मध्यें बोटानें पाडलेल्या भोंकांत तेलाचे चार थेंब, वर झांकण. आंतली चुरचूर मंदावली कीं आत्या झांकण काढी. कडेचा लाल कुरकुरीत भाग मोडून ती मुलीला देई आणि मधला मऊ भाग आपण खाई, कारण तिचे दांत लौकर गेले होते. तें थालिपीठ बिनकांद्याचें. त्यांत तिखट, मीठ, हळद आणि हिंग, बस्स.

“श्राद्धाला थालिपीठ कुठें करतात?” थोरल्यानें विचारलें. मधल्यानें विचारलेला प्रश्न अधिक अवघड होता. तो म्हणाला, “तिला तें आवडत होतें, कीं तेवढेंच चालत होतें?”

कोणी बोललें नाहीं. बहिणीनें थोडा वेळ विचार केला आणि ती म्हणाली, “थालिपिठावर ती दोनदां लोणी घेई. आणखी कशावर ती स्वतःसाठीं दुसऱ्यांदा कांहीं घेत असे, तें मला सांगा.”

वकिलांनीं थालिपीठ करावयास सांगितलें. परंतु भाजणी होती कोठें? आत्यानें केलेल्या भाजणीचा शेवटचा डबा तिच्या मागें दोनतीन महिन्यांत मुलांनीं संपविला होता, आणि प्रमाण कोणालाच ठाऊक नव्हतें. मराठींतील पाकशास्त्राच्या आरंभीच्या छापील पुस्तकांपैकीं ‘सूपशास्त्र’ हें रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें, म्हणजे एका पुरुषाचें. तें १८७५ सालीं निघालें, आत्याच्या जन्माच्याहि आधीं. पण तिला अक्षरओळख नव्हती. तिचें पाकशास्त्र भिंतीवरच्या फळींत ओळीनें मांडलेल्या पितळी मापांत होतें: शेर, मापटें, चिपटें, कोळवें आणि अगदीं चिमुकलें निठवें. दोन निठव्यांचें कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर. हा हिशोब तेव्हां घरोघरच्या मुलांना पाठ असे.

मुलीला आंकडे आठवेनात. आत्याच्या हाताशीं मापें देण्याचें काम मात्र तिनें कितीदां तरी केलें होतें. ती फळीपुढें उभी राहिली आणि एकेक माप खालीं काढूं लागली. मोठें प्रथम निघे, तें दोनदां भरे: शेरभर बाजरी, शेरभर ज्वारी. मग चिपटें: तांदळाचीं दोन, हरभऱ्याच्या डाळीचीं दोन, गव्हाचें एक, उडदाचें एक. शेवटीं निठवेंभर जिरें. धन्यांपाशीं तिचा हात अडला. धने आत्या मापानें घेत नसे, ओंजळीनें घेई; आणि त्या ओंजळीचें माप फळीवर नव्हतें.

भाजण्याची रीत वकिलांच्या पत्नींना पाहून पाहून ठाऊक होती. तांदूळ धुऊन सावलींत वाळवावयाचे. प्रत्येक धान्य वेगळें भाजावयाचें. सर्व एकत्र कढईंत टाकलें तर बाजरी करपते आणि डाळ कच्ची राहते, कारण दाण्याचा आकार निराळा, आंतली ओल निराळी. धने-जिरें शेवटीं, विस्तव ओढून घेतल्यावर, नुसत्या कढईच्या तापावर. बाजरीचें कच्चें पीठ आठपंधरा दिवसांत कडवटतें, कारण त्या दाण्यांत स्निग्धांश बराच असतो आणि दळतांच तो खवट होऊं लागतो. भाजल्यानें ती क्रिया मंदावते. आत्याला हें कारण कोणी सांगितलें नव्हतें. भाजणी टिकते, एवढें तिला पुरेसें होतें.

पहिली भाजणी बिघडली. उडीद करपले होते. दुसरी रात्रीं उशिरापर्यंत जागून केली. श्राद्धाच्या दिवशीं खीर-वड्यांच्या पानावर एका कोपऱ्यांत सुपारीएवढ्या लोण्यासह अर्धें थालिपीठ वाढलें गेलें. गुरुजींनीं त्याच्याकडे पाहिलें आणि पाणी सोडण्यास सांगितलें. जेवतांना वकील म्हणाले, “ताईच्यापेक्षां धने जास्त पडले आहेत.” त्यांनीं आयुष्यांत बहिणीचें थालिपीठ किती वेळां खाल्लें होतें कोण जाणे, पण तें वाक्य ऐकून त्यांच्या पत्नीनें पदर डोळ्यांना लावला. पुढच्या भाजणीला धने कमी झाले.

१९५६ च्या कायद्यानें देशांत दशमान वजनेंमापें आलीं. १९५८ पासून किलो दुकानांतून दिसूं लागला, आणि पुढें थोड्याच वर्षांत शेर-पायली बाजारांतून गेली. या बदलानें पुष्कळ घरांतल्या भाजण्या, मसाले आणि लोणचीं यांचें अंतर्गत गणित विस्कटलें, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. जुनें माप आकारमानाचें, नवें वजनाचें. चिपटेंभर धने चिपटेंभर उडदांहून वजनांत फारच कमी भरतात. तेव्हां दोन्ही सारख्या वजनानें घेणाऱ्या सुनेची भाजणी सासूच्यासारखी होईना, आणि बिचारीला हाताला चव नाहीं असा बोल लागे. १९७० मध्यें निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें वाटी-चमच्याचें प्रमाण घरोघर नेलें, तेव्हां या मुलीनें, जी तोंवर स्वतः सासू होण्याच्या वयाला आली होती, आत्याची भाजणी वाट्यांत बसवून वहींत उतरून काढली. शेराच्या सोळा वाट्या धरल्या कीं चिपट्याच्या चार होतात आणि निठव्याची एक; हिशोब चोख जमतो. धन्यांपुढें तिनें आंकडा घातला नाहीं. “ओंजळभर, आत्याचे हात लहान होते,” असें तेथें लिहिलें आहे.

ती वही आतां तिच्या सुनेकडे असते. वाडा पडून तेथें इमारत उभी राहिली आहे. भाजणी गिरणींतून दळून येते. पितळी मापांपैकीं निठवें तेवढें राहिलें आहे, त्यांत देवापुढच्या काडेपेटीच्या काड्या ठेवतात. थालिपीठ घरांत सर्वांना आवडतें, आणि तें भरपूर कांदा घालून होतें. फक्त पहिलें थालिपीठ, कांदा चिरण्याआधीं, तव्यावर पडतें. मुलें विचारतात, हें असें फिकें कोणाचें? “आत्याचें,” असें उत्तर मिळतें. मुलें त्याला हात लावीत नाहींत. तें झांकून बाजूला राहतें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सून तें दह्याबरोबर उभ्या उभ्या खाऊन कामाला निघते.