करखात्याच्या पत्रास उत्तर
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस नेमून दिलेला विषय रुक्ष आहे खरा. परंतु आपल्या ज्ञातीत निवृत्तिवेतनावर आणि मुदत ठेवींच्या व्याजावर चालणारी घरे पुष्कळ आहेत. म्हणून आमच्याच घरची हकीकत सांगतो.

तीर्थरूप निवर्तल्यावर त्यांच्या ठेवी मातोश्रींच्या नावे झाल्या. बँकेने व्याजातून कर कापला, पण तो दाखविला तीर्थरूपांच्याच पॅन क्रमांकावर. मातोश्रींनी विवरणपत्रात त्या कराची वजावट मागितली. खात्याच्या नोंदीत ती रक्कम त्यांच्या नावे नव्हती. तेव्हा बंगळूरच्या केंद्राकडून 1961 च्या आयकर अधिनियमाच्या कलम 143(1) अन्वये 8,640 रुपयांच्या मागणीचे सूचनापत्र निघाले. ते आमच्या दृष्टीस पडलेच नाही. कारण खात्यात नोंदविलेला ई-मेल पत्ता जुन्या करसल्लागाराचा होता. पुढील वर्षीचा परतावा त्या बाकीपोटी वळता झाला, तेव्हा आम्हांस जाग आली. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "हे गेल्यावर माझ्या हातून काही बुडालं का रे?"

काहीही बुडाले नव्हते. आम्ही बँकेकडून करकपातीचे सुधारित विवरण दाखल करविले, मग कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज केला. मागणी रद्द झाली, पैसेही परत आले. पण मातोश्रींची चार महिन्यांची झोप कोण परत देणार?

यास्तव आमचे सांगणे असे की, असे पत्र म्हणजे चोरीचा आरोप नव्हे. तो हिशेबाविषयीचा प्रश्न आहे, आणि प्रश्नास मुदतीत उत्तर द्यावे.

प्रथम पत्र खरे आहे की नाही, ते पाहावे. 1 ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो; तो खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन पडताळावा. पत्रातील दुव्यावरून पैसे भरू नयेत आणि दूरध्वनीवर कोणासही गुप्त संकेतांक सांगू नये.

मग पत्रातील दोन रकाने शेजारी शेजारी ठेवून वाचावेत: आपण दाखविलेले आकडे आणि खात्याने धरलेले आकडे. फरक कोणत्या ओळीत आहे, ते सापडले की निम्मे काम झाले. चूक आपली असेल तर मागणी 30 दिवसांत भरावी. पुढे दरमहा एक टक्का व्याज चढते. उत्पन्नात बदल सुचविणारे पत्र असेल, तर उत्तरास 30 दिवस असतात. मौन धरल्यास बदल कायम होतो. कलम 154 च्या दुरुस्तीस चार वर्षांची मुदत आहे, पण अपिलास 30 दिवसच, हे विसरू नये. 1 एप्रिल 2026 हा 2025 च्या नव्या अधिनियमाच्या अंमलाचा आरंभदिन. त्यापूर्वीच्या वर्षांची प्रकरणे मात्र जुन्याच कायद्याने चालावयाची आहेत.

शेवटी तरुण मंडळींस एक विनंती. येत्या रविवारी घरातील वडीलधाऱ्यांजवळ अर्धा तास बसा. त्यांच्या करखात्यात कोणाचा भ्रमणध्वनी व कोणता ई-मेल पत्ता नोंदविला आहे ते पाहा, आणि तो परक्याचा असेल तर त्याच दिवशी बदला. आमच्या घरी हे आधी झाले असते, तर हे भाषण करण्याचा प्रसंगच आला नसता.