निम्म्या किमतीची वेगवान गाडी

(छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल या व्यासपीठावर संतसाहित्यावर भाषण झालं, उद्या पाणीप्रश्नावर आहे. मधल्या दिवशी जुन्या वेगवान मोटारींचा हिशेब ऐकायला एवढी मंडळी जमतील असं संयोजकांना वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेली गाडी गॅरेजात उभी असते, एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला बॉडीशॉपचा मॅनेजर आणि मध्ये मी एस्टिमेटचे कागद चाळत. त्यामुळे या गाड्यांचा वेग माझ्या वाट्याला फारसा येत नाही, त्यांची बिलं मात्र पानोपान येतात.

मला विचारला जाणारा प्रश्न ठरलेला आहे. ‘साहेब, साठ लाखांची गाडी चोवीसला मिळतेय, घेऊन टाकू का?’ विचारणारा कधी डॉक्टर असतो, कधी प्लॉटिंगवाला, कधी पुण्यात आयटीत असलेला आपल्याच गल्लीतला मुलगा. ३६ लाख वाचले असं त्याच्या मनानं धरलेलं असतं. पण ते पहिल्या मालकाचे गेलेत, याचे वाचलेले नाहीत. याच्या दारात येणार ती गाडी साठ लाखांचीच. तिच्या ब्रेकची डिस्क साठ लाखांच्या गाडीची, टायर त्याच गाडीचे, हेडलाइट तोच. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून चारा कमी खात नाही. मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याचं गणित.

आधी ही किंमत इतकी कोसळते का, ते बघू. करांपासून सुरुवात करतो, कारण तिकडे कुणी बघत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर सेस होता, मोठ्या एसयूव्हीला दोन्ही मिळून ५० टक्के. म्हणजे कारखान्याच्या दृष्टीनं ४० लाखांची गाडी शोरूममध्ये ६० लाखांची. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी रोड टॅक्स: २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, आयात केलेली असेल किंवा कंपनीच्या नावावर असेल तर २०. साध्या १३ टक्क्यांनी धरलं तरी ७ लाख ८० हजार. म्हणजे पहिल्या मालकानं जवळजवळ २८ लाख असे दिले जे इंजिनात नाहीत, डिकीत नाहीत, कुठेच नाहीत. दुसरा ग्राहक त्या पैशाला पूर्ण मोल देत नाही. का द्यावं?

आणि गंमत बघा, त्या २२ सप्टेंबरला सेस गेला, कर सरसकट ४० टक्के झाला. आपली ती ६० लाखांची गाडी एका रात्रीत ५६ ची झाली. ज्यानं ऑगस्टमध्ये घेतली त्याची गाडी किलोमीटरभर न फिरता चार लाखांनी उतरली. जुन्या गाडीची किंमत ही नव्या गाडीच्या किमतीला दोरीनं बांधलेली असते. ही दोरी कधी खाली ओढते, कधी वर.

वर ओढण्याचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात काम केलेले दोघेतिघे तरी आज इथे बसले असतील. ऑक्टाव्हिया आरएस २३० ही तिथेच जुळवलेली गाडी. २०१७ साली आली, २४ लाख ६२ हजारांना, फक्त ५००. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २३० अश्वशक्ती, सहा गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. सगळ्या खपल्या. मग २०२० मध्ये आरएस २४५ आली, ती पूर्ण तयार स्थितीत आयात केलेली, २०० गाड्या, किंमत ३५ लाख ९९ हजार. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिसरी: १०० गाड्या, ४९ लाख ९९ हजार. नवी गाडी दर वेळी दहा-चौदा लाखांनी महाग होत गेली की जुनीला आपोआप भाव राहतो. शिवाय तिचे पुष्कळ सुटे भाग साध्या ऑक्टाव्हियाशी आणि फोक्सवॅगनच्या भावंडांशी जुळतात, म्हणजे ती पोसताही येते. माझ्या मते भाव टिकण्याचं हे दुसरं कारण पहिल्याहून मोठं आहे, पण शौकिनांना दुर्मिळतेच्याच गोष्टी आवडतात.

दुर्मिळता पुरत नाही याचाही दाखला आहे. २०१६ च्या शेवटी फोक्सवॅगननं पोलो जीटीआय आणली, तीन दारांची, १९२ अश्वशक्तीची, अवघ्या ९९ गाड्या. किंमत २५ लाख ९९ हजार. पुढच्याच वर्षी कंपनीनं स्वतः सहा लाख उतरवले. आधी घेणाऱ्यांचा घसारा एका प्रसिद्धिपत्रकानं ठरवला.

आता आमच्या विम्याच्या तक्त्याकडे येतो. पॉलिसीत गाडीची जी किंमत धरतात तिला आयडीव्ही म्हणतात. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के वजा, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५०. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचं. हा तक्ता अल्टोला लागतो आणि मर्सिडीजच्या एएमजीलाही. तक्त्याला गाडीचा आवाज ऐकू येत नाही. पण बाजाराला येतो, आणि वॉरंटी संपली की बाजार एएमजीपासून चार पावलं मागे सरकतो. वॉरंटीतल्या गाडीचा गिअरबॉक्स कंपनीचा असतो, वॉरंटीबाहेरच्या गाडीचा तुमचा.

आपल्या शहराला हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. स्टेट बँकेनं सात टक्क्यांनी कर्ज दिलं, देशभर बातम्या झाल्या. त्या काही रेसच्या गाड्या नव्हत्या, पण हिशेब तोच. त्यातल्या ज्या अजून धावताहेत त्यांची नोंदणीची १५ वर्षं २०२५ मध्ये पुरी झाली. आता दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन फिटनेस दाखवायचा, पहिल्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आणि वर पर्यावरण कर. देशात जुळवलेली गाडी म्हणून पाच हजार, हं. गाडी थेट आयात केलेली असती तर २०२२ पासून हीच फी ४०,००० आहे. जुनी पोर्शे बघायला जाणाऱ्यांनी तिचं वय या नियमाशी ताडून बघावं.

घसारा बाजारात होतो तसा धातूतही होतो, आणि दुसऱ्या मालकाच्या वाट्याला मुख्यतः हा दुसरा येतो. वेगवान गाडीत उष्णता फार. टर्बो एक्झॉस्टला चिकटून बसलेला, भोवती प्लास्टिकचे पाइप, रबरी सील. सात-आठ वर्षांत ते कडक होतात, तडकतात. मघाच्या ऑक्टाव्हियाच्या इंजिनात पाण्याच्या पंपाचं आणि थर्मोस्टॅटचं आवरण प्लास्टिकचं असतं आणि तिथून कूलंट झिरपणं ही मेस्त्रींना पाठ असलेली तक्रार. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, म्हणून त्यांच्या पाठीवर काजळी साचते. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या झोतानं मारतात. अशा कामाला सामान कमी, लेबर जास्त.

बीएमडब्ल्यूची २००७ ते २०१३ ची व्ही८ एम३ घ्या. चार लिटर, ८,४०० आरपीएमपर्यंत चढणारं अप्रतिम इंजिन. पण कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं झिजतात, आणि जाणते मालक इंजिन आवाज करायची वाट न बघता ती आधीच बदलून घेतात. बेअरिंग बदललं तर खर्च लाखांत, न बदलता रॉड बाहेर आला तर अख्खं इंजिन. असा खर्च सर्व्हिसच्या वेळापत्रकात छापलेला नसतो. एअर सस्पेन्शनचंही तसंच. रात्रभर उभी राहून गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली की फुगा गळतोय समजा. दुर्लक्ष केलं की ती हवा भरून काढायला कंप्रेसर सारखा चालतो आणि जळतो. गळका फुगा एका बिलाचा, जळका कंप्रेसर दुसऱ्या.

‘पण साहेब, गाडी फक्त अठरा हजार चाललीय!’ हे मला फार ऐकवतात. नुसती उभी राहिलेली गाडीही खराब होते. बॅटरी बसते, डिस्कला गंज चढतो, टायर वयानं कडक होतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी अशा टायरवर ताशी दीडशेनं जाऊ नका, समृद्धी महामार्गावर तर नाहीच. तिथे अर्थात एकशेवीसच्या वर जायचंच नाही, हे मी या व्यासपीठावरून सांगतो म्हणून सांगतो.

आता किलोमीटरचा हिशेब. आकडे मी गृहीत धरलेले आहेत, आपापले घालून बघा. गाडी २४ लाखांना घेतली, चार वर्षं ठेवली, १२ ला विकली. वर्षाला ५,००० किलोमीटर, म्हणजे एकूण २०,०००. घसारा किलोमीटरला ६० रुपये. अडकलेल्या २४ लाखांचं सात टक्क्यांनी व्याज वर्षाला १ लाख ६८ हजार, म्हणजे किलोमीटरला ३३ रुपये ६० पैसे. विमा वर्षाला ८० हजार धरला तर १६ रुपये. सर्व्हिस आणि दुरुस्ती मिळून वर्षाला दोन लाख, ४० रुपये. टायरचा एक लाखाचा संच चार वर्षांत संपला, ५ रुपये. आणि पेट्रोल? लिटरला ७ किलोमीटर, १०५ रुपये लिटर: १५ रुपये. बेरीज १७० च्या जवळ. त्यात पेट्रोल अकरावा हिस्सा. आणि गाडी बघायला गेल्यावर आपण पहिला प्रश्न काय विचारतो? ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’

(हशा)

ई२० पेट्रोलचं सांगायचं राहिलं असं समोरून कुणीतरी म्हणतंय. ई२० मध्ये २० टक्के इथेनॉल, आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शानं कमी. म्हणजे अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के पडणार. पंधराचे सोळा होतील. जुन्या गाडीत काळजी खर्चाची नाही, जुन्या रबरी नळ्यांची आहे. त्या तपासून घ्या.

माझ्या धंद्यातली खरी गोष्ट आता सांगतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की ती गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. समजा नवव्या वर्षी तुमच्या गाडीची आयडीव्ही १२ लाख आहे. मर्यादा झाली ९ लाख. समोरून बऱ्यापैकी ठोकर बसली: दोन हेडलाइट, बंपर, बॉनेट, रेडिएटर, इंटरकूलर, एअरबॅग फुटल्या म्हणून डॅशबोर्ड, सीटबेल्ट, कंट्रोल युनिट. नऊ लाख कधी ओलांडले कळतही नाही. हीच ठोकर पहिल्या वर्षी बसली असती तर मर्यादा चाळीस लाखांच्या वर होती, गाडी नीट होऊन घरी आली असती. लोखंड तेवढंच वाकलेलं. एकदा गाडी वाचली, एकदा भंगारात गेली, फरक फक्त तक्त्यातल्या रकान्याचा. अनेक उत्तम गाड्या मी अशा जाताना पाहतो, आणि माझीच सही असते त्यावर.

दुरुस्ती झाली तरी पूर्ण पैसे मिळतात असं नाही. प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर, एअरबॅग यांवर ५० टक्के कपात, धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, काचेवर शून्य. या गाड्यांचं तोंड बहुतेक प्लास्टिकचंच असतं. कपात टाळणारं झीरो डेप कव्हर ठरावीक वयानंतर मिळणं कठीण होतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हा. इंजिन रिमॅप करून कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला. आणि पावसाळ्यात पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान बसत नाही.

टोटल लॉस झालेल्या सगळ्याच गाड्या मोडीत जात नाहीत, हे ध्यानात ठेवा. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, त्यानंतर कितीतरी महागड्या गाड्या लिलावात निघाल्या आणि पॉलिश होऊन देशभर फिरल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटखालच्या बोल्टना गंज, कार्पेटखाली ओल. दिल्लीची गाडी स्वस्त दिसली तरी घाई नको. तिथे दहा वर्षांच्या डिझेलवर आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोलवर गंडांतर आहे म्हणून ती स्वस्त आहे. इथे आणायची तर एनओसी, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ आणि महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा. तिथला परतावा तुमचा तुम्ही मागायचा.

घेऊच नका असं मी म्हणत नाही. माझा पुतण्या घेतोय, मी अडवलेलं नाही. त्याला सांगितलं, गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला काढ, तो काढता येत नसेल तर एक पायरी खालची गाडी बघ. सर्व्हिसचं पुस्तक बघ, त्यात डीएसजीचं ऑइल ६० हजार किलोमीटरला बदलल्याची नोंद शोध. विकणाऱ्याच्या गॅरेजात तपासणी करू नकोस, दुसऱ्या मेस्त्रीकडे ने, लिफ्टवर चढव आणि कॉम्प्युटर लाव. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घे, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याबरोबर जातो; तेव्हा तो आज भरतोय त्या प्रीमियमवर आपला हिशेब मांडू नकोस.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, त्यातल्या निम्म्या त्या पाण्याच्या पंपाबद्दल दिसताहेत. त्याच आधी घेऊ.