घरांतील रंधायंत्र



तीस-बत्तीस वर्षें मीं मुलांना भूमिति शिकविली. परंतु 'समांतर' या शब्दाचा अर्थ मला पुरता कळला तो निवृत्तीनंतर, आणि तोहि एका सागवानी फळीकडून. आजचा विषय सुतारकामाच्या यंत्राचा आहे. तथापि ज्यांनीं कधीं पटाशी हातीं धरली नाहीं त्यांनींहि थोडा वेळ थांबावें. घरांत यंत्र आणण्यापूर्वीं त्याला काय करतां येतें आणि काय करतां येत नाहीं, हे दोन प्रश्न विचारावेत, एवढेंच मला सांगावयाचें आहे. मीं यांतला पहिलाच प्रश्न विचारला होता.

आमचा जुना वाडा पाडला तेव्हां त्याच्या तुळया व वासे आम्हां भावांत वांटले गेले. माझ्या वांट्याचें लांकूड विकून टाकावें, असें घरांतील सर्वांचें मत पडलें. परंतु ज्या तुळईला वडिलांनीं झोपाळा टांगला होता ती विकण्यास माझें मन घेईना. तिच्यांतून नातीसाठीं अभ्यासाचें मेज आणि पुस्तकांचें कपाट करावें, असें मीं ठरविलें. पुण्याच्या भवानी पेठेंतील लांकूडबाजारांत ती तुळई सव्वा इंच जाडीच्या फळ्यांत चिरून आणली. चार फळ्या हातरंध्यानें साफ करतांना खांदा धरला, आणि मग यंत्राचा विचार सुरू झाला.

या यंत्राला 'प्लॅनर थिकनेसर' असें जोडनांव आहे, कारण त्याच्या एका देहांत दोन यंत्रें असतात. मध्यभागीं एक पोलादी दंड भरधांव फिरतो. त्यांत दोन किंवा तीन धारदार पातीं बसविलेलीं असतात. दंडाच्या वरून फळी हातानें ढकलली म्हणजे तिची खालची बाजू सपाट होते. दंडाच्या अलीकडचें मेज जितकें खालीं उतरवावें तितकें लांकूड निघतें. पलीकडचें मेज मात्र पात्यांच्या सर्वोच्च बिंदूशीं तंतोतंत एका पातळींत हवें. शेजारीं एक उभी पट्टी असते. सपाट झालेली बाजू तिला टेकवून कड रंधली म्हणजे काटकोन मिळतो. नंतर तीच फळी दंडाच्या खालून घालावयाची. तेथें यंत्राचे रूळ तिला ओढून नेतात, आणि तिची वरची बाजू खालच्या बाजूशीं समांतर अशी कापली जाते. वर सपाटी आणि खालीं जाडी, अशी ही कामाची वांटणी आहे.

मीं पहिल्यानें विकत घेतलें तें केवळ जाडी काढणारें यंत्र. तें स्वस्त होतें, लहान होतें, आणि दुकानांत त्यानें खडबडीत फळी आरशासारखी गुळगुळीत करून दाखविली होती. घरीं आणून मीं पांच फुटांची एक फळी त्यांत घातली. तिच्या मध्यभागीं अर्ध्या इंचाचा बांक होता. आठ वेळां ती यंत्रांतून काढली. फळी गुळगुळीत झाली, जाडी या टोंकापासून त्या टोंकापर्यंत बरोबर एक इंच भरली; आणि बांक पाहतों तों जसाच्या तसा!

वाड्याचीं कामें करणारे एक वृद्ध सुतार अजून आमच्याकडे येतात. त्यांना मीं ती फळी दाखविली. ते हंसून म्हणाले, "मास्तर, रुळांनीं तिला दाबून धरली तोंवर ती सरळ राहिली. सुटली तशी पुन्हां वांकली. पहिली बाजू तुम्हीं सरळ करून द्यायची. यंत्र तिची नक्कल करतें."

आगगाडीचे रूळ वळणावरहि एकमेकांपासून सारख्या अंतरावर असतात, पण म्हणून ते सरळ नसतात. हें मीं फळ्यावर कितीदां तरी काढून दाखविलें असेल. फळीवर मात्र मला तें दिसलें नव्हतें. तेव्हां क्रम लक्षांत ठेवावा: प्रथम एक बाजू सपाट, मग तिच्याशीं काटकोनांत एक कड, नंतर जाडी, आणि शेवटीं रुंदी. हा क्रम चुकल्यास कितीहि महाग यंत्र उपयोगी पडत नाहीं.

आतां निवड कशी करावी? पैसा बेताचा असेल तर केवळ जाडीचें यंत्र घेण्यासहि हरकत नाहीं. परंतु पहिली बाजू हातरंध्यानें सरळ करण्याची तयारी हवी. किंवा वांकडी फळी एका सपाट पाटावर ठेवावी, जेथें ती डुलते तेथें खालीं पाचरी बसवून घट्ट कराव्यात, आणि पाटासकट यंत्रांतून काढावी. जागा थोडी असून दोन्ही कामें यंत्रानेंच करावयाचीं असतील तर जोडयंत्र घ्यावें. मीं पहिलें यंत्र तोट्यांत विकून शेवटीं तेंच घेतलें. त्याची अडचण अशी कीं, वरचें काम संपवून खालचें सुरू करावयाचें तर मेजें उचला, ढलप्यांची नळी फिरवा, असा खटाटोप प्रत्येक वेळीं करावा लागतो. म्हणून सर्व फळ्यांची सपाटी एकदांच उरकावी आणि मग सर्वांची जाडी काढावी.

घरगुती कामास दहा इंच रुंदी बहुधा पुरते. त्याहून अधिक महत्त्व वरच्या मेजांच्या लांबीला द्यावें. मेजांच्या एकूण लांबीच्या सुमारें दुपटीपर्यंतची फळी त्यांवर नीट सरळ होते. उभी पट्टी हातानें दाबून पाहावी. ती लवत असेल तर काटकोन मिळणार नाहीं. दोन अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारें दीड हजार वॅट. तिला निराळा सोळा अँपिअरचा सॉकेट व चांगलें अर्थिंग हवें. ब्रशाच्या मोटरीपेक्षां इंडक्शन मोटर जड व महाग असते, पण पुष्कळ कमी आवाज करते. आणि खोली मोजावी. सहा फुटी फळीला यंत्रापूर्वीं सहा फूट व यंत्रानंतर सहा फूट मोकळे लागतात. माझी खोली बारा फुटांची आहे. यंत्र दारासमोर ठेवल्यामुळें लांब फळ्या अंगणांत बाहेर पडतात.

आतां गोष्ट बोटांची. रुळांनीं फळी ओढून नेणारें रंधायंत्र विल्यम वुडवर्थ यांच्या नांवें १८२८ सालीं अमेरिकेंत पेटंट झालें. पूर्वीं वरून रंधण्याच्या यंत्रांत पातीं चौकोनी दंडावर बसवीत. त्या दंडाभोंवतीं मोठी फट राही, आणि हात सटकला तर बोटें त्या फटींत ओढलीं जात. हातानें फळी ढकलावयाच्या यंत्रांना गोल दंडच असला पाहिजे, असें इंग्लंडांत १९२२ च्या नियमांनीं ठरविलें. गोल दंडानें इजा लहान होते. टळत मात्र नाहीं. हें मी वाचून सांगत नाहीं. सात इंचांचा एक तुकडा मीं झांकण सरकवून वरून रंधावयास घेतला. पात्यानें तो हिसकावून फेंकला आणि माझ्या मधल्या बोटाचा शेंडा सोलला गेला. तीन टांके पडले. पत्नीनें एक शब्दहि न बोलतां खोलीला कुलूप लावलें आणि किल्ली महिनाभर आपल्या कमरेला ठेवली.

किल्ली परत मिळाली ती कांहीं अटींवर, आणि त्या अटी आज खोलीच्या भिंतीवर लिहिलेल्या आहेत. एक फुटाहून आंखूड तुकडा यंत्रांत घालूं नये. लांब फळी रंधून मग तिचे तुकडे करावेत. दंडावरचें झांकण काढूं नये. हात पात्यांवरून न्यावयाचा नाहीं. टांचेचा लांकडी ठोकळा घेऊन त्यानें ढकलावें. हातमोजे घालूं नयेत, बाह्या दुमडून घ्याव्यात. पात्यांना हात लावण्यापूर्वीं नुसतें बटण बंद करून भागत नाहीं, प्लग काढावा. आणि मन दुसरीकडे असेल त्या दिवशीं खोली उघडूं नये.

यंत्राबरोबर संसार करावयाचा म्हणजे आणखी कांहीं संवयी लागतात. जुन्या लांकडांत खिळे दडलेले असतात. एका बारीक मोडक्या खिळ्यानें माझ्या तिन्ही पात्यांना खांच पाडली आणि पुढच्या प्रत्येक फळीवर उंच रेघ उठूं लागली. त्यावर तात्पुरता उपाय म्हणजे एक पातें किंचित् बाजूला सरकविणें. मग खांचा एका रेषेंत येत नाहींत. आतां प्रत्येक फळीवरून आधीं लोहचुंबक फिरवितों आणि जेथें लांकूड काळवंडलें असेल तेथें टोंकरून पाहतों. एका वेळीं एक मिलिमीटरहून अधिक कापीत नाहीं. तंतू ज्या दिशेस चढत जातात तिच्या उलट फळी घातल्यास लांकूड उचकटतें. जाडी काढतांना फळीच्या टोंकाशीं दोन-तीन इंच खळगा पडतो. म्हणून लांबी तितकी जास्त ठेवावी. दोन्ही बाजूंनीं सारखें लांकूड काढावें, आणि शेवटचा हात फिरविण्यापूर्वीं मध्यें पट्ट्या घालून फळ्या आठ दिवस वाऱ्यावर ठेवाव्यात. नवी उघडी पडलेली बाजू पुन्हां थोडी वांकते. पावसाळ्यांत बिडाच्या मेजांवर गंज चढतो. त्यांना मेण चोळावें.

भुशाचा प्रश्न केवळ झाडलोटीचा नाहीं. लांकडाची धूळ कर्करोगास कारण होते, असें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालीं नमूद केलेलें आहे. म्हणून यंत्राला धूळ ओढणारा पंखा आणि स्वतःच्या तोंडाला मुखपट्टी ही चैन समजूं नये. कानांवरहि आच्छादन हवें. आणि शेजाऱ्यांचे कान आपण झांकूं शकत नाहीं. यास्तव दुपारीं दोन ते चार व संध्याकाळीं सहानंतर माझें यंत्र बंद असतें.

नातीचें मेज गेल्या दिवाळींत पुरें झालें. त्याच्या उजव्या कोपऱ्यांत रुपयाएवढा काळा डाग आहे. तेथें झोपाळ्याची कडी होती. तो काढून टाकावयाचा तर फळी पाऊण इंचापर्यंत उतरवावी लागली असती. सुतारांनीं "काढूं का?" असें विचारलें, तेव्हां मीं नको म्हटलें. नातीनें त्यावर दौत ठेवली आहे.