१६० युरोंचा हिशेब

आज आयर्लंडच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीविषयी, म्हणजे 'आरटीई'विषयी बोलतो.

तिथं घरात टीव्ही असला की वर्षाला १६० युरो परवाना शुल्क. वसुली टपाल खात्याकडे. आपणही रेडिओचा परवाना पोस्टातच काढायचो, ज्येष्ठांना आठवत असेल.

जून २०२३ मध्ये उघड झालं, की रायन टबरिडी या लोकप्रिय सूत्रसंचालकाला सहा वर्षांत जाहीर आकड्यापेक्षा ३,४५,००० युरो जास्त दिले गेले. महासंचालक डी फोर्ब्स यांनी राजीनामा दिला. मग संसदीय समितीसमोर एकेक बिल निघालं. जाहिरातवाल्यांच्या पार्टीसाठी रबरी चपला, त्याही जाहिरातींच्या अदलाबदलीच्या खात्यातून! फौजेत मी मेसचे हिशेब तपासलेत. रक्कम केवढी हे मी नंतर बघतो. आधी बघतो, ती कुठल्या खात्यात टाकली.

पुष्कळांनी शुल्क भरणंच सोडलं. जुलै २०२४ मध्ये सरकारनं शुल्क कायम ठेवून तीन वर्षांसाठी एकूण ७२.५ कोटी युरो ठरवले. शुल्कातून कमी पडेल ते तिजोरीतून. मला हे पटत नाही. पगार मंत्रिमंडळाच्या मर्जीवर आला, तर मंत्र्याला आडवा प्रश्न विचारणार कोण?

शिवाय आरटीई ४०० नोकऱ्या कमी करू पाहतेय. १९९६ पासून चालणाऱ्या 'टीजी४' या आयरिश भाषेतल्या वाहिनीला बातम्या आरटीईच पुरवते. कात्री तिथं लागली, तर आयरिशमधून बातम्या ऐकणाऱ्यांचं नुकसान होईल.