पाणलोटाचं काम संपल्यानंतरचं काम

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने माती आणि पाणी अडवण्याच्या कामात हात कधी आखडता घेतला नाही. रोजगार हमीतून बांधबंदिस्ती आणि नालाबंडिंग झालं. पुढे सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम आला, आदर्श गाव योजना आली, इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आला, आणि २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. एकाच शिवारात तीन-तीन योजनांचे फलक उभे असलेली गावं आपल्याकडे आहेत. तरीही पाऊस जरा कमी झाला की त्यातली कित्येक गावं मार्च-एप्रिलमध्ये टँकरची मागणी करतात. दोष कधी पावसाला दिला जातो, कधी ठेकेदाराला. दोन्हींत तथ्य असेलही. पण मुख्य उणीव तिसरीकडेच आहे, असं माझं मत आहे. काम करून घेण्यासाठी आपण गावात समिती नेमतो आणि काम संपलं की ती विसर्जित झाल्यासारखीच असते. खरं तर समितीचं काम त्या दिवशी सुरू व्हायला हवं.

जलसंधारणाची बांधकामं कशी निकामी होतात ते जवळून पाहिलं, तर हे पटेल. डोंगरउतारावरचा सलग समतल चर वाहून येणारी माती अडवतो, म्हणजे तो गाळाने भरत जाणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. वरची झाडी आणि गवत राखलं नाही, तर काही पावसाळ्यांत तो बुजतो. माती नालाबांधाचा सांडवा खचला आणि एका हंगामात दुरुस्त झाला नाही, तर पुढच्या मोठ्या पावसात आख्खा बांध वाहून जातो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं तर सारं यश बरग्यांवर, म्हणजे खांबांमध्ये बसवायच्या काढत्या-घालत्या फळ्यांवर, अवलंबून असतं. पावसाळा सरताना, नाल्याला वाहतं पाणी असतानाच ते बसवावे लागतात, फटी बुजवाव्या लागतात आणि पुढच्या पुरापूर्वी काढून नीट रचून ठेवावे लागतात. पंधरा दिवस उशीर झाला तर अडवण्याजोगं पाणी निघून गेलेलं असतं. बरगे चोरीला गेले तर बंधारा म्हणजे नाल्यात उभे राहिलेले नुसते खांब. यातल्या कोणत्याही कामाला मोठा अभियंता लागत नाही. ठरल्या दिवशी ठरलेला माणूस लागतो आणि त्याला विचारणारं कोणीतरी लागतं.

पैसा ओतला की पाणी मुरतं, हा समज आकड्यांनीही खोटा ठरवला आहे. जलयुक्त शिवारवर ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण करणं आणि भूजलपातळी वाढवणं या उद्दिष्टांवर त्याचा परिणाम तुटपुंजा राहिला, असं देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२० साली नोंदवलं. याचं कारण आपल्या खडकातही आहे. राज्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा आहे आणि त्याच्या भेगांत, झिजलेल्या थरांत पाणी धरून ठेवायला जागा थोडी. त्यामुळे मुरलेलं पाणी सगळ्यांचं असलं, तरी आधी उपसेल त्याचं होतं. बंधाऱ्यामुळे विहिरींना पाणी वाढलं की पुढच्याच वर्षी बोअर वाढतात, उसाचं क्षेत्र वाढतं आणि नवा पुरवठा नव्या मागणीत जिरून जातो. एक हजार हेक्टरच्या शिवारावर ४०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते ४०० कोटी लिटर पाणी होतं. त्यातलं बरंचसं बाष्प होऊन उडतं, काही वाहून जातं आणि हाती राहतं ते किती लोकांत, किती पिकांत वाटायचं हे बांध ठरवत नाही. ते गावाला ठरवावं लागतं.

ज्यांनी हे ठरवलं, त्यांची उदाहरणं आपल्यासमोर आहेत. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला १९७४ च्या सुमारास पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचं, भूमिहीनालाही त्यात वाटा असायचा, जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जायचा नाही आणि ऊस घ्यायचा नाही, असे ते नियम होते. अहमदनगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरातल्या, हिवरे बाजारला पाऊस बेताचाच पडतो. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे चर आणि बंधारे झाले. पण तेवढ्यावर न थांबता गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस-केळीला नकार दिला आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून त्यावरून पिकं ठरवण्याची रीत पाडली. इंडो-जर्मन कार्यक्रमातही आधी श्रमदान आणि चराईबंदी, मग निधी असा क्रम होता. या गावांतले बंधारे इतर गावांतल्यांपेक्षा निराळे नाहीत. निराळा आहे तो त्यांच्यामागचा कारभार.

हा कारभार चालवायचा तर समितीकडे चार गोष्टी हव्यात. पहिली, शिवारातल्या प्रत्येक बांधकामाची नोंदवही: कुठे आहे, कधी झालं, शेवटची दुरुस्ती कधी, जबाबदारी कोणाची. दुसरी, देखभालीचा वेगळा निधी आणि वेगळं बँक खातं, ज्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल. तिसरी, मोजमाप: एक पर्जन्यमापक आणि गावातल्या निवडक विहिरींच्या पातळीची नियमित नोंद. चौथी, त्या नोंदींवरून ऑक्टोबरात, रब्बीच्या पेरणीआधी, मांडलेला पाण्याचा ताळेबंद.

यावर पहिला आक्षेप गावातल्या गटबाजीचा असतो. समिती बलदंडांच्या हातात जाईल, त्यापेक्षा काम सरकारी खात्याकडेच राहू द्या, असं म्हणतात. भीती खरी आहे. चर खणले जातात वरच्या अंगाला, चराईबंदीचा भार पडतो मेंढपाळावर आणि भूमिहीनावर, अन् पाणी वाढतं ते खालच्या बागायतदाराच्या विहिरीला. हा अन्याय मिटवल्याशिवाय कोणतीही बंदी टिकणार नाही. पण खात्याकडे काम सोपवल्याने तो मिटत नाही, फक्त झाकला जातो. खात्याचा अधिकारी ठरलेल्या मुदतीत बदलून जातो आणि बरगे टाकायच्या दिवशी तो तालुक्याला असतो. समितीत भूमिहीन आणि स्त्रिया असल्या, कापलेल्या गवतात मेंढपाळाला वाटा असला आणि हिशेब उघडा असला, तर बलदंडाला वेसण घालता येते.

ग्रामपंचायत असताना आणखी एक समिती कशाला, हा दुसरा आक्षेप. समितीने ग्रामसभेलाच उत्तरदायी असावं, यात वाद नाही. मात्र पंचायतीची मुदत पाच वर्षांची असते, पाणलोटाची हद्द बऱ्याचदा दोन-तीन गावांतून जाते आणि रस्ता, दिवे, घरपट्टी यांच्या गर्दीत खचलेला सांडवा मागे पडतो. तिसरा आक्षेप असा की प्रत्येक गावाला साळुंखे किंवा पवार मिळत नाहीत. नाहीच मिळत. म्हणून तर संस्था हवी. त्यांनी घालून दिलेले नियम लिहून काढता येतात आणि साधी, नेमस्त माणसंही ते चालवू शकतात.

शासनाला इथे नवं फारसं शोधायचं नाही. २००९ च्या भूजल अधिनियमात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद आहे. तिला जीव द्यायला हवा. नव्या प्रत्येक योजनेतल्या रकमेचा ठरावीक भाग देखभाल निधी म्हणून समितीच्या खात्यात आधी जमा व्हावा आणि आधीची कामं राखणाऱ्या गावाला पुढच्या निधीत अग्रक्रम मिळावा. योजनेची तपासणीही लोकार्पणाच्या दिवशी न होता पाच वर्षांनंतरच्या मे महिन्यात व्हावी. आणि आपण गावकऱ्यांनी येत्या ग्रामसभेत एवढंच विचारावं: आपल्या शिवारात बंधारे किती, त्यातले धड किती, आणि उरलेल्यांची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाचं नावानिशी उत्तर ज्या गावात मिळेल, तिथला पाणलोट योजना संपल्यावरही चालू राहील.