उमेदवारीची अखेरची पायरी



जर्मनीत सुतारकामाची उमेदवारी सामान्यतः ३ वर्षांची असते. अखेरीस उमेदवाराने स्वतः आराखडा काढून एखादे कपाट वा मेज एकट्याने घडवावयाचे असते. परीक्षक झिलईवर भुलत नाहीत; खण ओढून आतले सांधे न्याहाळतात. (आमच्या मेजाचा खण ओढावयास दोन्ही हात लागतात, हे येथे कबूल केलेले बरे!) उत्तीर्ण झालेले काही तरुण जुन्या रीतीप्रमाणे ३ वर्षे व १ दिवस गावोगाव काम करीत हिंडतात, तेवढा काळ घरापासून ५० किलोमीटरांच्या आत सहसा पाऊल ठेवीत नाहीत.

आपली मुले मात्र मजुरी हाती येताच उमेदवारी अर्ध्यावर सोडतात, याचे आम्हांस फार वाईट वाटते. आईबापहो, शेवटचे वर्ष त्यांस पुरे करू द्या. हत्यारांच्या खर्चाची अडचण असल्यास संकोच न करता आम्हांकडे या.